पंधरा किलोंत गुलमर्ग

शहापूरच्या घरात बर्फावर घसरायच्या स्की असाव्यात, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना अजून पटत नाही. कोपऱ्यातली ती लांब पिशवी कोणाला क्रिकेटचे किट वाटते, कोणाला पडद्याचे रॉड. आमच्या मुरबाडच्या बहिणीच्या मुलाने गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला आणि त्याला त्याचा छंदच जडला. दोन वर्षे पगारातून पैसे बाजूला ठेवून त्याने वापरलेल्या स्की आणि नवे बूट घेतले. विमानतळाचा रस्ता आमच्या दारावरून जातो, म्हणून बांधाबांध आमच्याकडे होते. यंदा तिसरी खेप.

सगळे एकच विचारतात: तिथे भाड्याने मिळत नाही का? मिळते. स्की भाड्याच्या चालतात, बुटांचे मात्र तसे नाही. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून टणक प्लास्टिक आणि आत मऊ अस्तर. दुसऱ्याच्या पायाला सैलावलेला बूट चावतो आणि वळण घेताना पाय आत हलतो. शिवाय माणूस पडला की बूट स्कीवरून आपोआप सुटावा लागतो, नाहीतर गुडघा मुरगळतो. हे सुटणे ज्या पकडीवर असते तिला बाइंडिंग म्हणतात. तिचा आकडा वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरतो. बहिणीला हे समजावले तेव्हापासून तिने पैशांची तक्रार सोडली. आता ती एवढेच विचारते, "भाई, त्याच्या पकडीचा आकडा दुकानात तपासून घेतलाय ना?"

खरी कसरत वजनाची. त्याच्या तिकिटावर पोटातल्या सामानाचा एकच नग, पंधरा किलो, आणि हातातले सात. बाइंडिंगसकट स्की साडेपाच किलो, काठ्या अर्धा, रिकामी पिशवीच दोन. उरलेल्या सात किलोंत हेल्मेट, कपडे, मोजे आणि बहिणीचे प्रेम! तिने मुरबाडचा तांदूळ आणि सुका जवळा आणला होता, टंगमर्गला तो ज्या घरी उतरतो त्या खालाजानसाठी. तांदूळ दोन किलो गेला. जवळा मागे राहिला. जॅकेटला लागलेला तो वास बर्फातही जाणार नाही, असे आमच्या घरातून स्पष्ट सांगण्यात आले.

बांधायची रीत आता हातात बसली आहे. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावायचे, मध्ये जुन्या चादरीची पट्टी, म्हणजे पोलादी कडा तळ खरवडत नाहीत. पट्ट्याने दोन जागी घट्ट बांधायचे. टोके आणि बाइंडिंग या जागा आपटतात, तिथे जाड कपडे गुंडाळायचे. आम्ही म्हशाच्या जत्रेतली घोंगडी वापरतो. पिशवीलाही उपयोगी, रात्री अंगावरही. हेल्मेटच्या पोकळीत मोजे भरायचे. शेवटी पिशवी बाजारातल्या किराणावाल्याच्या काट्यावर: चौदा किलो सहाशे.

बूट मात्र हातातल्या बॅगेत, बकले सैल लावून, म्हणजे आकार बिघडत नाही. जोडी चार किलोंची. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्याही हातातच लागतात, पोटातल्या सामानात त्यांना बंदी. काठ्या याच्या उलट, त्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. जानमाज बुटांच्या बॅगेत ठेवायला बहिणीने साफ नकार दिला. ती कोटाच्या आतल्या खिशात गेली.

बूट हातात ठेवण्याचा फायदा पहिल्याच खेपेला कळला. श्रीनगरला उतरल्यावर पट्ट्यावर पिशवी आलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. विमान कंपनीचे नाव घेत नाही. भाच्याने विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर पी.आय.आर.चा कागद करून घेतला, टॅगची पावती आणि पिशवीचा फोटो दाखवला. बूट पायाचे होते, म्हणून भाड्याच्या स्कीवर त्याचा दिवस निभावला.

गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटर. आरिफ खान त्याच भागातला, टंगमर्गजवळचा. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून हा एकटाच खेळाडू गेला आणि जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा आसनगावच्या एका मुलाने विचारले, "सर, लोकलच्या लगेज डब्यात स्की बसतील का?" बसतील. पण सकाळच्या कसारा लोकलमध्ये त्या घेऊन चढणारा माणूस बसणार नाही. आम्ही पहाटे गाडीनेच निघतो.

परतताना श्रीनगरला एक तास जास्त हाताशी ठेवावा. विमानतळाच्या आवाराबाहेरच सामान उतरवून तपासतात, आत पुन्हा तपासणी होते.

घरी आल्यावर पिशवी बंद ठेवायची नाही. आमच्याकडचा पाऊस वाचकांना ठाऊक आहे, भातसा-तानसा भरणारा. ओल्या पिशवीत कडांना आठवड्यात गंज धरतो. भाचा स्की पुसून, वाळवून, तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर देतो आणि तो न खरवडता तसाच ठेवतो. त्यासाठी जुनी इस्त्री लागते. घरातली चालू इस्त्री त्याने एकदा मागितली होती, ती मिळाली नाही. आता मुरबाडच्या भंगारवाल्याकडून आणलेली एक इस्त्री पिशवीशेजारीच टांगलेली असते.