गिमवी, म्हैस आणि चपटे जंत

ओझर (मिग), ता. निफाड

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. बर्फाचं कौतुक पुरे, इकडचं ऐक. पाऊस उघडला आणि शेजाऱ्यांच्या म्हशीच्या जबड्याखाली पाणी उतरलं, दूधही आटलं. डॉक्टरांनी शेण तपासलं आणि सांगितलं, लिव्हर फ्लूक. औषध पाजून झालं, पण मला मात्र किडा चावला. बसले वाचत.

या किड्याची पिल्लं आधी गोगलगाईत वाढतात, मग ओल्या गवताला चिकटून म्हशीच्या पोटात जातात. आतडं भोकसून यकृतात शिरतात, आठवडेच्या आठवडे ते पोखरत हिंडतात आणि शेवटी पित्तनलिकेत ठाण मांडतात. आपल्याकडची जायगँटिका जात तर पाच-सात सेंटिमीटर वाढते. एवढा परका जीव आत, तर म्हशीची प्रतिकारशक्ती करते काय?

तिचा युरोपातला भाऊबंद, फॅसिओला हेपॅटिका, याच्याबद्दल 2016 साली एक भन्नाट गोष्ट प्रसिद्ध झाली. आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन असतं. पेशींनी वाढायचं की थांबायचं हे ते ठरवतं, जखम भरायला लावतं, आणि चवताळलेल्या प्रतिकारपेशींना आवरही घालतं. हा किडा त्याच घराण्यातलं स्वतःचं प्रथिन बनवतो आणि ते थेट जनावराच्या टीजीएफ-बीटाचा निरोप घेणाऱ्या ग्राहीवर जाऊन बसतं. आपल्या प्रथिनाइतकं घट्ट नव्हे, पण कामापुरतं. जणू तोतया फौजदार चौकीत फोन करून शिपायांना माघारी बोलावतो!

ही झाली किड्याची बोलती बाजू. ऐकतातही हे चपटे जंत तितकंच. स्टॅनली कोहेन यांना ज्या ईजीएफ या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी 1986 चं नोबेल मिळालं, ते माणसाचं ईजीएफ शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या चपट्या जंताची ग्राहीही चालू करतं. एकायनोकॉकस या फीतकृमीच्या अळ्या तर आपल्या इन्सुलिनवर वाढतात. म्हणजे आपला घरचा निरोप, आणि वाढतंय भलतंच कोणी. जंतांचे आपसांतही निरोप चालतात: शिस्टोसोमाची मादी नराच्या पोटाच्या खोबणीत राहिल्याशिवाय वयातच येत नाही. तिच्या अंड्यांतलं टीजीएफ घराण्याचं एक प्रथिन प्रयोगशाळेत गप्प केलं, तर अंड्यांची वाढ थांबते. हे 2007 चं काम. मला त्यात औषधाची खरी आशा दिसते, कारण शिस्टोसोमाच्या रोगात छळतात ती मुख्यतः अंडीच.

पण घाई नको. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब (तेच ग्लिवेक, ज्याच्या पेटंटवरून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला) पेशींतले असेच निरोप अडवतं. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यानं शिस्टोसोमा मेले, पण प्राण्यांत डाळ शिजली नाही. रक्तातली प्रथिनं औषधाला धरून ठेवतात, असं एक कारण पुढे आलं.

आणि शिस्टोसोमा म्हटलं की तुझं आजोळ आलंच! गुहागर तालुक्यातल्या गिमवीत माणसांना लघवीतून रक्त जात असे. गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये तिथं हा रोग असल्याचं प्रसिद्ध केलं. भारतात हा रोग स्थानिक नाही असंच तोवर धरलं जाई. तिथली वाहक गोगलगाय फेरिसिया, इतकी इवलीशी की बघणाऱ्याच्या नजरेला सहज चुकावी.

तुझ्या मामांना त्या दिवसांतलं काही आठवतं का, विचार ना. कुठल्या पऱ्ह्यावर पोरं डुंबायची, डॉक्टर आले तेव्हा गावात काय बोलणं झालं, जे सांगतील ते सगळं लिहून धाड. फोनवर नको, तू फोनवर अर्धं विसरतेस.

तुझी,
वसू