कुंपणापलीकडे चाळीस पावलं

चार वर्षं झाली, तरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिला कडाका पडला की मला ते पांढरं पोट दिसतं. काटेरी तारेच्या पलीकडे, मोजून चाळीस पावलांवर, बॅटरीच्या उजेडात. बाण माझा होता, माग मी काढला होता, आणि तिथवर जायची मला परवानगी नव्हती.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात, व्हर्नन काउंटीत राहतो. नवरा ला क्रॉसला दवाखान्यात नोकरीला, मी घरूनच हिशेबाची कामं करते. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगात बर्फाचे थर चहूबाजूंनी गेले पण इथे आले नाहीत, म्हणून इथल्या सोंडा आणि घळी शाबूत राहिल्या. मी चंदगडची, मला हा मुलूख बघताक्षणी आपला वाटला. आजोबांच्या पारधीच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध संपली, माझ्या वाट्याला गोष्टीच आल्या. इथे शेजारी सत्तरीचे एक दूधवाले शेतकरी आहेत. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणते. शिकार त्यांनी शिकवली. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो, तो केला, परवाना काढला, आणि काकांच्याच अंगणात गवताच्या पेंढीवर दोन उन्हाळे बाण मारले.

आता स्क्रेपबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याभोवतीच घडलं.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर माजाच्या आधी रानात जागोजागी जमीन उकरून ठेवतो, त्याला स्क्रेप म्हणतात. काकांच्या रानात एका जुन्या लाकूडवाटेवर, व्हाइट ओकच्या खाली, परातीएवढी जागा अशी उकरलेली होती. पाचोळा मागे फेकलेला, काळी ओली माती उघडी, तिच्यात खुराचा एकच ठळक ठसा. वास उग्र, गोठ्यातल्या मुतासारखा पण त्याहून तिखट. नवख्याचं लक्ष त्या मातीवर जातं. काकांनी माझी हनुवटी धरून वर केली. माझ्या खांद्याच्या उंचीवर ओकची एक फांदी लोंबत होती, शेंडा चावून चावून दातवणासारखा कुंचला झालेला. खरा स्क्रेप म्हणजे ती फांदी. नर तिला कपाळ घासतो, डोळ्याजवळची ग्रंथी घासतो, ती तोंडात धरतो, मग पुढच्या पायांनी खालची माती उकरतो आणि मागच्या पायांच्या ग्रंथी एकमेकींवर घाशीत त्यांवरून मुततो. पलीकडे पाचसहा रोपट्यांची खोडं शिंगांनी सोललेली, सोललेल्या उसासारखी पांढरी. ताडोबाला कॉलेजच्या सहलीत चितळाचा नर मागच्या पायांवर उभा राहून वरच्या फांदीला डोकं घासताना पाहिला होता. तेव्हा वाटलं, पाला खातोय. वीस वर्षांनी या ओकखाली कळलं की तो चिठ्ठी लिहीत होता.

आणि ती चिठ्ठी एकट्याची नसते. काकांनी लावलेल्या कॅमेऱ्यात एकाच फांदीशी पाच वेगवेगळे नर आले होते, माद्यासुद्धा येऊन हुंगून गेल्या होत्या. पण बहुतेक फोटो रात्री दीड, तीन, साडेचारचे. इथेच नवखे फसतात. ताजा स्क्रेप दिसला की त्याच्यासमोरच्या झाडावर चढून बसतात आणि दिवसभर खारी बघून उतरतात. स्क्रेपवर दिवसाउजेडी नर येण्याचा काळ फार छोटा. दिवस आखूड होत जातो तसा नराचा माज चढतो, पण माद्या अजून माजावर आलेल्या नसतात. आमच्याकडे हा काळ हॅलोविनच्या आसपासचा, फार तर दहा दिवस. नोव्हेंबर लागून माद्या माजावर आल्या की नर त्यांच्यामागे धावतो, स्क्रेपवर पाचोळा पडतो, कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या काउंटीत हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगामुळे आमिष टाकायलाही बंदी आहे, तेव्हा या दहा दिवसांत वाऱ्याचं गणित जमलं तरच काही खरं.

वाऱ्याचं गणित असं. जाणता नर स्क्रेपपाशी लगेच येत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला वीसतीस यार्डांवरून जातो, तिथूनच नाकाने वाचतो. म्हणजे तुम्ही त्याच्याही खाली बसायचं, नाहीतर तो तुम्हालाच वाचतो. शिवाय डोंगरात संध्याकाळी सूर्य धारेआड गेला की थंड हवा घळीत उतरते, तुमचा वास घेऊन. हे सगळं धरून मी झाड निवडलं, ते कुंपणाच्या बाजूला सरकलं. काका म्हणाले, "झाड बरोबर आहे, पण कुंपण जवळ आहे. लागलेलं हरीण उताराला पळतं." मी म्हटलं, नीट मारीन. हे माझे शब्द मी विसरलेले नाही.

२९ ऑक्टोबर. आदल्या रात्री थंडीची लाट आलेली, वारा वायव्येचा. रबरी बूट घालून, कशालाही हात न लावता मी दुपारी दोनला झाडावर चढले, पट्टा बांधला, बसले. पाच वाजून वीस मिनिटांनी तो सोंडेवरून खाली आला. दहा टोकांच्या शिंगांचा, मान फुगलेली, मागच्या पायांच्या सांध्यांवर काळे डाग. काकांनी सांगितलं होतं तसाच वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबला, नाक वर केलं. मग चालत फांदीशी गेला. बावीस यार्ड. त्याने फांदी तोंडात धरली, डोळे मिटले. तसं मिटलेले डोळे मी कोणत्याच जनावराचे पाहिले नव्हते. मी धनुष्य ओढलं. सोडलं, आणि त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

बाण वीतभर मागे लागला. पाठ कमानीसारखी वर करून तो उताराला गेला, पळत नव्हे, झपझप चालत. बाण मातीत रुतलेला मिळाला, त्यावरचं रक्त गडद, काळसर तांबडं. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. हे यकृताचं. अशा जनावरामागे लगेच जायचं नसतं. ते जवळच बसतं, हटकलं तर मैलभर जाऊन मरतं आणि सापडत नाही. चार ते सहा तास थांबायचं. आम्ही काकांच्या स्वयंपाकघरात बसून राहिलो. काकूंनी जेवण वाढलं, माझ्या घशाखाली उतरेना.

अकराला धनुष्य घरी ठेवून नुसत्या बॅटऱ्या घेऊन निघालो. थेंब, मग पानावर बोटभर डाग, मग एका पडलेल्या खोडाशी तळहाताएवढं थारोळं, तिथे तो बसला होता. तिथून पन्नास पावलांवर काटेरी तार. खालच्या तारेला केस अडकलेले. काकांनी बॅटरी पलीकडे फिरवली आणि ते पांढरं पोट चमकलं. मेलेला होता. मी तारेला हात लावला तशी काका म्हणाले, "नाही. विचारल्याशिवाय नाही." तारेवरच्या फलकावर तेच लिहिलेलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये कायदा स्पष्ट आहे: जनावर तुमचं असो, जखमी असो, मेलेलं असो, दुसऱ्याच्या खासगी जमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. रात्र दहिवराची होती, मांस टिकलं असतं. सकाळी जाऊ म्हणून परतलो.

सात वाजता आम्ही त्या जमिनीच्या मालकांच्या दाराशी उभे होतो. मालक शहरातले, ही जमीन शिकारीसाठीच घेतलेली, हंगामात येऊन राहणारे. काकांनी टोपी काढून हातात घेतली. हातात टोपी धरलेला तो म्हातारा माणूस मला अजून दिसतो. काकांनी नीट सांगितलं: कुंपणापासून चाळीस पावलं, दोघं जाऊ, दहा मिनिटांत ओढून आणू, तिथे साफसुद्धा करणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "माफ करा, नाही."

मी विचारलं, का?

ते म्हणाले, "त्या घळीत नर बसतात. मी स्वतः वर्षभर तिथे पाऊल टाकत नाही. आज तुम्ही गेलात तर तुमचा वास राहील, आणि हाच आठवडा आहे." मग तुम्ही आणून द्या, आम्ही कुंपणाशी थांबतो, असं म्हटलं. तेही नाही. अर्धं मांस तुम्ही ठेवा म्हटलं. नाही. शिंगं तुम्ही ठेवा, मला फक्त मांस द्या, वाया जायला नको. शेवटी मी हातसुद्धा जोडले. त्यांनी दार हळू लावलं, आपटलंसुद्धा नाही.

शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन केला. ते तासाभरात आले, मालकांशी जाऊन बोलले, परत येऊन म्हणाले की मी विनंती केली, त्यांना भाग पाडणं माझ्या हातात नाही. वॉर्डनना माझं दुःख कळलं होतं, हे मला मान्य आहे.

मग पाच दिवस मी रोज कुंपणाशी गेले. नवरा म्हणायचा, जाऊ नकोस. मी जायचे. पहिल्या दिवशी कावळे. दुसऱ्या दिवशी पोट फुगलेलं. तिसऱ्या दिवशी कायोटींनी मागचा पाय फाडलेला. चौथ्या दिवशी त्याच्यावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता, बाल्ड ईगल, ज्याच्या एका दर्शनासाठी लोक मिसिसिपीकाठी दुर्बिणी लावून बसतात. पाचव्या दिवशी बरगड्या. चाळीस-पन्नास किलो मांस, आम्हा चौघांना हिवाळाभर पुरलं असतं. शेवटी शेवटी मला त्या मालकाबद्दल जे वाटायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा समजली. हरीण हाती आलं की त्याची नोंद करायची असते, आणि मगच परवाना संपतो. माझ्या हाती आलंच नव्हतं. म्हणजे कागदावर मी त्या वर्षी एकही नर मारला नाही, दुसरा मारायला मोकळी होते. मी त्या वर्षी परत झाडावर चढले नाही.

कायदा बदलायला हवा, असं मी त्या हिवाळ्यात भेटेल त्याला सांगायचे. शेजारच्या मिनेसोटात शेतावर फलक नसेल तर जखमी जनावरामागे पायी जाता येतं, काम झालं की लगेच निघायचं. आमच्याच काउंटीत कून व्हॅली आहे. १९३३मध्ये तिथे अमेरिकेतलं पहिलं पाणलोटाचं मृदसंधारण उभं राहिलं, कारण डोंगराची माती बांध ओळखत नाही हे शेकडो शेतकऱ्यांना पटलं आणि त्यांनी शेजाऱ्याच्या पाण्याचा विचार करून आपापली शेतं आखली. हरीणही बांध ओळखत नाही. मग इथे काय आडवं येतं?

पण मला आता तसं ठामपणे म्हणता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही काकांच्या शेजारचा पंधरा एकराचा तुकडा घेतला. पहिल्याच ऑक्टोबरात रात्री दहाला रानात तीन बॅटऱ्या हलताना दिसल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. घरात मुलं झोपलेली, नवरा रात्रपाळीला. कोण आहे, कशाला आलंय, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तोच फलक आणला आणि स्वतःच्या हाताने खिळे मारले. आणि तो मालक जे बोलला ते मी पूर्वीही केलेलंच होतं: रबरी बूट, कशालाही हात न लावणं, आठवडाआठवडा त्या ओककडे न फिरकणं, सगळं एका वासासाठी. त्याचं कारण मला कळतं. ते कारण चाळीस किलो मांसाहून मोठं होतं, हे मात्र मला आजही पटत नाही. आणि बाण वीतभर मागे मीच मारला होता, कुंपणाजवळचं झाड मीच निवडलं होतं, याला कोणताच कायदा काही करणार नव्हता.

माझ्या फलकाखाली मी आता फोन नंबर लिहिला आहे, आणि त्याखाली: जखमी जनावर असेल तर कधीही फोन करा. नवीन शिकणाऱ्यांना सांगते, स्क्रेप शोधण्याआधी, ऑगस्टमध्येच, हद्दीला लागून असलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन या, परवानगी लिहून घ्या, आणि जिथे ती मिळणार नाही त्या कुंपणापासून झाड लांब धरा, वारा कितीही बरोबर असला तरी.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आता इकडे जमिनी घेतल्या आहेत. शिकार तुम्हाला पटो वा न पटो. ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी कुणी टोपी हातात धरून तुमच्या दाराशी आलं आणि म्हणालं, माझं हरीण तुमच्या हद्दीत पडलंय, तर त्याला जाऊ द्या.