भाजीची भजी झाली, त्याची गोष्ट

‘मवशींनी भजी केली, डब भरल णि म्हणल्य...’

गुरुवारी रात्री दहा वाजता माझ्या स्क्रीनवर हे वाक्य उमटलं. मला लिहायचं होतं, ‘मावशींनी भाजी केली, डबा भरला आणि म्हणाल्या’. पुण्यातल्या पोळीभाजी केंद्रांवरचा लेख होता. डेडलाईन शुक्रवारी दुपारी एक. आणि माझ्या लॅपटॉपमधून काना गायब झाला होता!

मी इनस्क्रिप्टमध्ये टाईप करते. त्यात इंग्रजी ‘ई’च्या बटणावर काना असतो आणि शिफ्टबरोबर तेच बटण दाबलं की ‘आ’. म्हणजे एक बटण गेलं की चहाचा चह होतो, बाबांचे बब होतात आणि ‘आता’मधला फक्त ‘त’ उरतो. गंमत म्हणजे पोळी शाबूत राहते, कारण ओकाराचं बटण वेगळं. त्यामुळे माझा अख्खा लेख पोळीभजी केंद्रांवरचा झाला होता.

आता हसू येतं. तेव्हा रडू आलं होतं. संपादकांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा लेख वेळेत आणि नीट आला तर पुढची आठ भागांची मालिका तुझी. फ्रीलान्स करणाऱ्यांना कळेल, आठ भाग म्हणजे दोन महिन्यांचं घरभाडं. शिवाय आधीचे दोन चेक ‘अकाउंट्सला पाठवलेत’ या जगप्रसिद्ध अवस्थेत अडकलेले.

पण हे झालं कसं? रविवारी संध्याकाळी मी त्याच लेखाचं काम करत होते. स्क्रीनवर मुलाखतीचं रेकॉर्डिंग, वर्डची फाईल, फोटोंचं फोल्डर, मेल, दोन चॅट आणि ब्राउझरमध्ये ३१ टॅब. सगळ्या विंडोज एकमेकींवर चढलेल्या, लग्नघरातल्या चपलांसारख्या. रेकॉर्डिंगची विंडो कुठे गेली म्हणून माऊस सरसर फिरवला आणि कोपर लागलं चहाच्या मगाला. फार नाही सांडला, तीन-चार घोट असेल. मी ओढणीने पुसला आणि काम चालू ठेवलं.

हा माझा पहिला गाढवपणा. काय करायला हवं होतं ते नंतर कळलं. आधी चार्जर काढायचा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करायचा, मग तंबूसारखा उलटा टॉवेलवर ठेवून निदान एक-दोन दिवस हात लावायचा नाही. तांदळात बुडवायचा नाही, हेअर ड्रायरचा गरम झोत मारायचा नाही. आणि साधं पाणी वाळून जातं तरी, आपला आल्याचा दोन चमचे साखरेचा चहा वाळत नाही, चिकटतो. बुधवारपर्यंत काना दोनदा दाबल्यावर एकदा उमटायला लागला, मधेच एकदम पाच काने यायचे. गुरुवारी रात्री बटण पूर्ण खाली जाईचना.

तुम्ही म्हणाल, फोनवर टाईप करायचं ना! केलं. शंभरेक शब्दांत अंगठा बधिर झाला. बोलून टाईप करायला गेले तर शेजारच्या बिल्डिंगचा स्लॅब पडत होता, रात्री दहा वाजतासुद्धा. मग एक काना कॉपी केला आणि जिथे लागेल तिथे पेस्ट करत सुटले. एका परिच्छेदात ४७ काने लागले. मोजले मी! मराठी किती काना-वादी भाषा आहे हे एम.ए.च्या दोन वर्षांत कळलं नव्हतं, ते पंधरा मिनिटांत कळलं.

साडेअकराला माझी रूममेट आली. ती हिंजवडीत टेस्टिंगला आहे. कंपनीच्या कॅबमधून दीड तास हाडं खिळखिळी करून आल्यावर कुणाशीही बोलायच्या मूडमध्ये नसते. माझी पेस्टिंगची मजुरी तिने उभ्या उभ्या दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, “तुझं कॅप्स लॉक कधी वापरतेस गं?”

कधीच नाही. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही, आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ओरडायची मला सवय नाही. तिने मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉईज’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, त्यातलं ‘कीबोर्ड मॅनेजर’ उघडलं, ‘रीमॅप अ की’मध्ये डावीकडे कॅप्स लॉक निवडलं, उजवीकडे ई. ओके. बस्स! माझा काना करंगळीखाली राहायला आला. शिफ्टबरोबर ‘आ’सुद्धा. मी ‘बाबा’ लिहून बघितलं. बाबा आले! त्या क्षणी मी तिला मिठी मारली, तर म्हणाली, “आधी जेवू दे.”

यात एक झोल आहे, तो सांगून ठेवते. ही जादू विंडोजमध्ये लॉग-इन झाल्यावर चालते, पासवर्डच्या स्क्रीनवर नाही. माझ्या पासवर्डात ‘ई’ दोनदा आहे. शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं बाहेरच अडकले होते. मग त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड काढला आणि माऊसने ‘ई’ टिपला. एरवी हाच कीबोर्ड विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून येतो.

जेवताना रूममेटने दुसरा बॉम्ब टाकला. “तुझा प्रॉब्लेम कीबोर्ड नाहीये. तुझ्या खिडक्या आहेत.” आणि हात धुऊन तिने माझी शिकवणी घेतली. विंडोजचं बटण धरून डावा बाण मारला की समोरची विंडो डाव्या अर्ध्यात चिकटते, उजवा मारला की उजव्या. झालं की! एका बाजूला मुलाखत, दुसऱ्या बाजूला लेख. ही सोय विंडोज सेव्हनबरोबर २००९ मध्ये आली. मी तेव्हा सहावी-सातवीत होते. म्हणजे कॉलेजपासून आजपर्यंत मी त्या विंडोज बोटांनी ओढून, कोपरे ताणून लहानमोठ्या करत बसले होते. विंडोज इलेव्हनमध्ये तर विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की तीन-चार खणांचे नकाशेच समोर येतात, हवा तो खण निवडा.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळ्या डेस्कटॉपचं. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की कोराकरकरीत नवा डेस्कटॉप मिळतो. एकावर फक्त लेखाचं सामान, दुसऱ्यावर मेल आणि चॅटचा बाजार. विंडोज, कंट्रोल आणि बाण मारून इकडून तिकडे जायचं. बाजार बंद होत नाही, पण दिसत नाही, आणि न दिसणं हीच खरी गरज असते. (बॉस मागून आल्यावर विंडोज आणि डी दाबून सगळं खाली पाडायची युक्ती तुम्हाला माहीत असणारच, ती काय सांगू!) आणि कधी ऑफिसातला मोठा मॉनिटर काढून लॅपटॉप घरी आणला की एखादी विंडो टास्कबारवर दिसते पण स्क्रीनवर सापडत नाही, असं होतं ना? ती निवडून ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता माऊस हलवा, हरवलेली विंडो त्याला धरून येते. मी अशा वेळी सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करायचे.

लेख शुक्रवारी बारा चाळीसला गेला. संध्याकाळी एका दुकानात लॅपटॉप नेला. काउंटरवरच्या मुलाने बटण दाबलंसुद्धा नाही. “पूर्ण कीबोर्ड बदलावा लागेल मॅडम. साडेचार हजार, चार दिवस.” त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. आजकाल कितीतरी लॅपटॉपचे कीबोर्ड वरच्या भागाला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी कायमचे बसवलेले असतात, ते सोडवणं कटकटीचं. पण साडेचार हजार! माझ्या एका लेखाचं मानधन त्यापेक्षा कमी आहे. मी बाबांना फोन केला. खरं तर नुसतं रडगाणं गायला केला होता. ते म्हणाले, “कशाला हात लावू नकोस. उद्या येतो.”

बाबा साताऱ्याला असतात. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि मशीनवर आयुष्य काढलं. माझ्या कामाला ते ‘तुझं ते लिहिणं’ म्हणतात. ‘नोकरी’ हा शब्द आजवर त्यांच्या तोंडून आलेला नाही. शनिवारी स्वारगेटला एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत आईने दिलेले लाडू आणि एक जुना, केस झिजलेला ब्रश. याच ब्रशने ते टाईपरायटरचे खिळे साफ करायचे. आम्ही आधी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेतली. दीडशे रुपये. येताना मेडिकलमधून कान साफ करायच्या कापसाच्या काड्या.

मग लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला. बाबांनी आधी मोबाईलवर कीबोर्डचा फोटो काढायला लावला. “उघडण्याआधी होतं कसं ते माहीत पाहिजे.” जुनं एटीएम कार्ड बटणाच्या कोपऱ्याखाली सरकवून हळूच वर उचललं. टक्! टोपी हातात. आत दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या, मधोमध रबराची इवलीशी वाटी. वाटीभोवती माझा रविवारचा चहा, गुळाच्या पाकासारखा. त्यामुळेच बटण खाली जात नव्हतं. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, गोल गोल पुसत गेलो. वाटी ओढायची नाही, ती उखडली तर खरंच कीबोर्ड बदलायची वेळ येते. कडेचा कचरा बाबांच्या ब्रशने. एकच बजावते, स्पेस, एंटर आणि शिफ्ट अशी लांब बटणं उत्साहात उचकटू नका. त्यांच्याखाली बारीक तार असते, ती वाकली की बटण कायमचं तिरपं.

पुसता पुसता बाबा म्हणाले, “तुझा नुसता काना गेला. आमच्या मशीनवर काना गेला असता ना, तर ख, ण, शसुद्धा गेले असते. अर्धं अक्षर मारायचं आणि काना जोडून पूर्ण करायचं.” मला हे माहीतच नव्हतं. त्यांना मी आजवर विचारलंच कुठे होतं?

अर्धा तास वाळू दिलं, फोटो बघून कात्री जागेवर बसवली, वर टोपी ठेवून बोटाने दाबली. पुन्हा टक्! लॅपटॉप चालू केला. बाबांनी खुर्ची ओढली आणि काना त्यांच्या जुन्या जागेवर शोधायला लागले. मी दाखवल्यावर ‘साताऱ्याचा’ असं एका बोटाने लिहिलं. चारही काने आले. मग तिथेच बसून त्यांनी माझा लेख वाचायला घेतला. शेवटपर्यंत वाचला. “किती देतात याचे?” म्हणाले. मी आकडा सांगितला. काही बोलले नाहीत. पुढचा भाग कशावर आहे, एवढं विचारलं.

मालिका मिळाली. कॅप्स लॉक मात्र मी अजून काना म्हणूनच ठेवलंय, बरं पडतं.

आणि लेख छापून आला त्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या मावशींचा फोन. “अगं, छान लिहिलंयस. पण आमच्याकडे भजी कुठे मिळते? सकाळपासून चार जण विचारून गेले.”

एक काना राहिलाच होता.