एकट्याचा हिशेब

दोघांचं घर एकट्याचं झालं, की विजेचं बिल निम्मं व्हावं, हे त्रैराशिक फळ्यावर शोभतं, घरात नाही. दिवा दोघांना जेवढा, तेवढाच एकाला. कुकरच्या शिट्ट्याही तेवढ्याच! आणि वीज मुळीच न जाळली तरी स्थिर आकार भरायचाच. पहिल्या 100 युनिटांपुढे दर चढतो. म्हणून महिन्याची माझी लक्ष्मणरेषा तीच. 75 वॅटचा पंखा 13 तास फिरतो, तेव्हा कुठं एक युनिट होतं. 2000 वॅटचा गीझर तेवढं अर्ध्या तासात गिळतो. तेव्हा कात्री गीझरला.

आईच्या खोलीतला 9 वॅटचा दिवा मात्र ती गेल्यावरही रोज सात ते दहा जळतो. महिन्याकाठी त्याचं पुरतं एक युनिटही भरत नाही. भरलं असतं, तर शिट्ट्या कमी केल्या असत्या.