चाकाची घरघर आणि कुंभार्लीची वाट

देशावरून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ आहेत. पुणेकर ताम्हिणीचे गोडवे गातात, भोरकडची मंडळी वरंध्यापुढे दुसरे नाव घेऊ देत नाहीत, आणि कोल्हापूरकरांना आंबा घाटाविषयी कमीजास्त बोललेले खपत नाही. आम्ही कराडकर. तेव्हा आमचे मत कुंभार्लीला पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण हा नुसता गावाभिमान नव्हे. कराडहून चिपळूणला जाणारा हा रस्ता अर्ध्याहून अधिक एका नदीच्या सोबतीने जातो. आणि ज्या रस्त्याला नदीची सोबत असते, त्यावर माणूस एकटा पडत नाही.

ही नदी म्हणजे कोयना. महाबळेश्वरच्या डोंगरात जन्म घेऊन ती सरळ दक्षिणेकडे निघते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळते. तिथून कराडपर्यंत येऊन प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. आपण कराडहून निघालो की नदी उलट दिशेने आपल्याकडे येत असते. मल्हारपेठ, नवा रस्ता, पाटण अशी गावे एकामागून एक लागतात. दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येतात. उसाची शेते विरळ होतात, भाताची खाचरे दिसू लागतात. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात. दिवाळीच्या सुमारास या रस्त्याचे रूप काही विलक्षण असते. पाऊस सरलेला, गवत पिवळे होऊ लागलेले, कापलेल्या भाताचा वास हवेत भरून राहिलेला.

या रस्त्याने एस. टी.ने मी अनेक वेळा गेलो आहे. गेल्या वर्षी मात्र भाऊबिजेला आम्ही मोटारसायकलने निघालो. माझी धाकटी बहीण चिपळूणला दिलेली, आणि आमच्या सौभाग्यवतीचे माहेरही चिपळूणचेच. एका फेरीत दोन भाऊबिजा उरकणारे भाग्यवान या जगात थोडे, त्यांतले आम्ही एक. मोटारसायकल मी एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली. तिचे वय सोळा वर्षे आणि मी तिचा तिसरा मालक. गाडी मोठी गुणी. लाथ मारताच चालू होणारी, चढाला न कुरकुरणारी. मागे पिशवीत चकल्या-करंज्यांचे दोन डबे, डोक्यांवर हेल्मेटे, अशा थाटात आम्ही सकाळी नऊला कराड सोडले.

पाटण मागे पडले आणि सौ. माझ्या पाठीशी वाकून म्हणाली, "अहो, गाडी काहीतरी म्हणतेय."

"काय म्हणतेय?"

"ते मला काय माहीत! पण आपल्या इमारतीतली पाण्याची मोटार जळायच्या आधी पंधरा दिवस अशीच बोलत होती."

मी कान दिला. खरेच, टायरच्या नेहमीच्या आवाजाखाली एक बारीक, जाडसर सूर लागला होता. वेग वाढवला की तो चढे, कमी केला की उतरे. आता इंजिनाचा आवाजही वेगाबरोबर चढतो-उतरतोच. मग दोष कुणाचा? पुढे रस्त्याला थोडा उतार होता आणि मागेपुढे वाहन नव्हते. मी क्लच दाबला आणि क्षणभर इंजिन बंद केले. इंजिन गप्प झाले, पण घरघर चालूच राहिली. म्हणजे आवाज इंजिनाचा नव्हता, चाकाचा होता. त्यातच हँडलवर ठेवलेल्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी एक थरथर जाणवली. तेव्हा मागचे नव्हे, पुढचे चाक. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

वीस वर्षे मी मुलांना व्याकरण शिकवत आलो. त्यात अनुकरणवाचक शब्दांचा एक पाठ असतो. मुले खळखळ, किलबिल, कडकडाट असे चार शब्द लिहितात, दोन गुण मिळवतात आणि तो पाठ कायमचा विसरतात. पण हे शब्द किती उपयोगी आहेत, ते त्या दिवशी मला रस्त्याच्या कडेला कळले. नीट चालणारे चाक गुणगुणते. त्यातले वंगण आटले की त्याची घरघर होते. आतल्या गोळ्यांवर खड्डे पडले की खरखर, आणि गोळ्या फुटू लागल्या की खडखड. त्यापुढचा शब्द कानाला ऐकू येत नाही, कारण तोवर चाक आडवे होऊन अडकलेले असते आणि माणूस रस्त्यावर पडलेला असतो. आपल्या भाषेत माणसाच्या शेवटच्या श्वासांनाही 'घरघर लागली' असेच म्हणतात, हे त्या वेळी नेमके मला आठवावे, याला काय म्हणावे!

गाडी मोठ्या स्टँडवर लावली. सौ. मागे रेलून बसली, तसे पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले. मी चाकाला वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. जे चाक फक्त फिरायला हवे, ते करंगळीच्या नखाइतके कलत होते. मग एक हात फोर्कवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले. आत कुणीतरी जात्यावर वाळू दळत असल्यासारखे हाताला जाणवले. आसाजवळचा भाग चांगलाच तापला होता. पुढे सगळा कुंभार्ली घाट उतरायचा होता. घाटात उतरताना ब्रेक लावला की गाडीचा सारा भार पुढच्या चाकावर येतो, आणि मागे बसलेली व्यक्ती आपल्या भावाला ओवाळायला निघालेली आहे.

"चला, ढकलू या," सौ. म्हणाली.

गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका आजोबांनी सांगितले की, पुढे फाट्यावर एक मिस्त्री आहे. आम्ही ढकलत निघालो. फाट्यावर दोन दुकाने होती: एक गॅरेज आणि शेजारी पंप व पंख्यांच्या मोटारी गुंडाळून देणाऱ्याचे. दोन्ही दारांना झेंडूची तोरणे आणि दोन्ही दारे बंद. गॅरेजपुढे नवा कोरा पांढरा सदरा घातलेले एक पन्नाशीचे गृहस्थ स्वतःची गाडी पुसत उभे होते.

"आज बंद हाय, सर," ते मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले. मास्तर ओळखायला आमच्याकडे वेळ लागत नाही. "भाऊबीज. उंब्रजला भनीकडं निघालोय."

"आम्हीही भाऊबिजेलाच निघालोय, दादा," सौ. म्हणाली. "चिपळूणला. घाट उतरायचाय."

'घाट' या शब्दाने काम केले. मिस्त्री जवळ आले, चाकाशी उकिडवे बसले. "आवाज कसला येत हुता?"

"घरघर," मी म्हटले.

"खरखर न्हाय?"

"नाही. घरघर."

"मंग छर्रं अजून फुटल्यालं न्हाईत. टायमाला थांबलासा." त्यांनी सदरा काढला, नीट घडी करून दाराच्या खिळ्याला अडकवला आणि पाने काढली. "आमचा म्हातारा बैलगाडीची चाकं करायचा. कुरकुर आली की वंगण, खडखड आली की सुतार."

आस निघाला, चाक निघाले. चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, दोन्ही बाजूंना एकेक बेरिंग बसवलेले असते. बेरिंग म्हणजे एकात एक घातलेली दोन पोलादी कडी आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या पोलादी गोळ्या. घासण्याऐवजी गडगडायचे, एवढीच त्यातली युक्ती. पण तिच्यासाठी माणसाने फार डोके खर्च केले आहे. वेल्समधल्या फिलिप वॉन याने गाडीच्या आसासाठी अशा गोळ्या वापरण्याचे पेटंट १७९४ साली घेतले. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे याने त्या सायकलच्या चाकात आणल्या, आणि १८८३ साली जर्मनीत फ्रीड्रिख फिशर याने सगळ्या गोळ्या अगदी सारख्या घासणारे यंत्र केले. एक गोळी जरी केसभर मोठी असली, तरी सारा भार तिच्यावर येतो आणि सगळे कुटुंब बुडते.

मिस्त्रींनी आतून ठोकून जुनी बेरिंगे बाहेर काढली. एकाच जागी नव्हे, कडेने फिरत फिरत. वंगणाच्या जागी तांबूस चिखल होता. "बगा, ह्यो पाण्याचा परताप. धुताना फवारा असा हुबा हबवर मारत्यात. धूळ अडवायचं रबर पापडावानी कडक झालंय. पानी आत शिरलं, वंगान भायेर गेलं." कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथल्या मिस्त्रीला पाण्याची करणी कुणी शिकवायला नको.

आता नवी बेरिंगे कुठून आणायची? पाटणातली सुट्या भागांची दुकाने बंद. मिस्त्रींनी जुन्या बेरिंगाचे कडे फडक्याने पुसले आणि उन्हात धरले. त्यावर बारीक अक्षरांत कोरले होते: ६२०२. "बासष्ट शून्य दोन," ते म्हणाले आणि हसले. "मंग काय काळजी न्हाय!"

हा आकडा म्हणजे एक छोटी पोथीच आहे. ६२ हा घराण्याचा आकडा. ०२ म्हणजे आतले भोक १५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. शेवटचे आकडे ०३ असतील तर भोक १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणले की भोक निघते: ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. बनवणारा जपानचा असो की चिंचवडचा, हे माप जगभर एकच. मिस्त्रींच्या आनंदाचे कारण असे की, हेच ६२०२ आपल्या घरातल्या कित्येक छताच्या पंख्यांत असते!

त्यांनी शेजारच्या दुकानदाराला मोबाईल लावला. तो सासुरवाडीला जेवायला बसलेला. पण किल्ली घरी होती. त्याची बायको ओवाळणीचे तबक तसेच ठेवून आली आणि तिने कुलूप उघडले. फळीवरच्या खोक्यात नवी कोरी ६२०२ निघाली, हवी तेवढीच, दोन. त्यांच्या बाजू पातळ पत्र्याने झाकलेल्या होत्या. "रबराची झाकनं असती तर ब्येस," मिस्त्री म्हणाले. "पत्रा धूळ अडवतो, पानी न्हाय. आज पाऊस न्हाय, तवा बिनघोर जावा. पर चिपळुनात सवडीनं रबरवाली बसवून घ्या."

एकच गेले आहे ना, मग एकच बदलू, असे मी सुचवले. त्यावर त्यांनी मान हलवली. दोघांनी एकच पाणी प्यायलेले; आज एक गेले, उद्या दुसरे जाणार. मग त्या बाईंनी आणलेल्या कढत पाण्यात फडके पिळून त्यांनी ते हबभोवती गुंडाळले. धातू तापून किंचित फुगला. नवे बेरिंग जागेवर ठेवून, त्यावर जुने उपडे धरून त्यांनी हलके ठोके दिले. ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. आतल्या कड्यावर पडला तर गोळ्यांच्या वाटेत खळगे उमटतात आणि नवे बेरिंग बसवतानाच जुने होते. दोन्ही बेरिंगांच्या मध्ये एक साधी नळी असते, तीही त्यांनी आठवणीने घातली. ती राहून गेली, तर आस आवळताना दोन्ही बेरिंगे आडवी दाबली जातात आणि आठवड्यात तीच रड. खोक्यातल्या जुन्या सामानातून रबराच्या दोन चकत्या निघाल्या, त्या वंगण लावून बाहेरून बसवल्या.

तासाभराने त्यांनी चाक जोडून फिरवले. ते फिरत राहिले, फिरतच राहिले, आणि आम्ही चौघे माणसे काहीही ऐकू येत नाही हे मोठ्या समाधानाने ऐकत राहिलो.

बेरिंगांची किंमत आणि मजुरी त्यांनी मोजून घेतली. मी वर काही देऊ लागलो, तर म्हणाले, "आज भावानं द्यायचा दिस, सर. घ्यायचा न्हवं." सौ.ने करंज्यांचा एक डबा त्यांच्या हातात ठेवला. "हा तुमच्यासाठी नाही. उंब्रजच्या ताईंना द्या. उशीर आमच्यामुळे झाला म्हणावं." मिस्त्रींनी हात दोनदा धुतले, सदरा घातला आणि डबा गाडीला बांधला.

पुढचा प्रवास मी कानाने केला. हेळवाकला नदीने वळण घेतले आणि आमची सोबत सोडली. जवळच कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. त्या पहाटेविषयी बोलताना या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज आजही खाली येतो. या धरणाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजघरातली यंत्रे फिरवते आणि वाशिष्ठीला मिळते. पूर्वेच्या समुद्राला जायचे पाणी असे कोकणात उतरते. घाटमाथ्यावर मी थांबलो आणि हबला हात लावून पाहिला. जेमतेम कोमट. मग दुसऱ्या गिअरमध्ये एकेक वळण घेत आम्ही खाली आलो. वारा होता, कुठे झऱ्याची खळखळ होती, आणि चाक आपले गुणगुणत होते.

चिपळूणला पोचलो तेव्हा चार वाजले होते. बहिणीने पाट मांडला, निरांजन लावले. "दादा, इतका उशीर?" ती विचारत होती, पण माझे लक्ष भलतीकडेच होते. डोक्यावरचा पंखा फिरता फिरता काहीतरी म्हणत होता. मी सौ.कडे पाहिले. तीही वर पाहत होती.

"अहो, दोन वर्षं असाच वाजतोय तो," मेहुणे म्हणाले. "कुणाला काही कळत नाही त्यातलं."

"घरघर की खरखर?" मी विचारले.

"घरघरच," सौ. म्हणाली. "बासष्ट शून्य दोन. दोन नग."