राजापेठेचा गिला वडा

बडनेरा रोडने अमरावतीत आलात की राजापेठ लागते. इथल्या गाडीवर गिला वडा खावा, नि भोवतालची बोलणीही ऐकावीत!

हॉटेलातल्या खाण्याची थट्टा अमेरिकेतही चालते, बरं का. २०१५ साली दोन विनोदी मित्रांनी ‘डोबॉइज’ हा पॉडकास्ट काढला. साखळी हॉटेलांत जेवायचं, हसवायचं नि पाचपैकी काटे द्यायचे! अशा ग्रीक हॉटेलांत पिटा-रोटीबरोबर त्झात्झिकी मिळते, म्हणजे दह्यातली काकडीची लसूण घातलेली कोशिंबीरच. पण तिथं टीका ऐकायला वाढणारा समोर कुठे असतो?

राजापेठेत असतो. एक बाई म्हणाल्या, “काहो भाऊ, दह्यात पानीच पानी दिसून रायलं आज!”

“म्हैस पावसात भिजली नं बाई!”

सगळे हसले. तरी त्याने घट्ट दह्याचा एक डाव बाईंच्या प्लेटमध्ये मुकाट्याने वाढला.