पिवळ्याची पारख

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर लॅबमध्ये गेलो, तर नायट्रोजन घातलेलं आमचं टायटॅनियम डायऑक्साइड एकदम फिकं दिसलं. पावडर तीच, बाटलीही तीच. वयानं पिवळट झालेलं भिंग निळा प्रकाश अडवत होतं, आणि ही पावडरही निळाच शोषते. नुसत्या नजरेनं बॅच ओळखतो याचा मला फार अभिमान. फर्नेसमधून क्रुसिबल निघालं की मुलं आधी माझ्या तोंडाकडे बघत, मग स्पेक्ट्रम काढत. ते मला मनापासून आवडायचं.

प्रकाशाच्या जोरावर पाण्यातली घाण तोडायची, हे या पावडरीचं काम. पण शुद्ध अ‍ॅनाटेजला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या या स्फटिकरूपाला, त्यासाठी ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो; उन्हात अतिनील जेमतेम चार-पाच टक्के. २००१ मध्ये असाही आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनची वाट दाखवली, तेव्हापासून आम्ही पिवळ्याच्या मागे आहोत. फर्नेस कमी ठेवली तर स्फटिक कच्चे, वाढवली तर नायट्रोजन उडून पावडर पांढरी. मधल्या तापमानाला सुरेख पिवळी निघाली, तरी नायट्रोजन जाळीत बसलाय की नायट्रोजनसाठी घातलेल्या युरियाचा अवशेष नुसता वर चिकटलाय? आत बसला तरी त्याच्या पातळीवर होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) अडकून पडतं, इलेक्ट्रॉन येऊन त्याला गाठतो. प्रकाश शोषला जातो, काम होत नाही. या एका गाठीपाशी मी वर्षानुवर्षं बसलोय.

मिथिलीन ब्लू या डायवर पावडर तपासून पेपर काढणाऱ्यांचा मला संताप येतो. तो डाय स्वतःच प्रकाश शोषून पावडरला इलेक्ट्रॉन देतो आणि विटतो. पाणी नितळ दिसलं की यांचं काम संपलं; टीओसी, म्हणजे पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजायचं नाव नाही. माझी विद्यार्थिनी बिनरंगाचं फिनॉल घेते. हल्ली ती इचलकरंजीहून डाइंगचं पाणीही आणते. रिअ‍ॅक्टिव्ह डाय सुतावर बसवायला मीठ आणि सोडा लागतोच, ते सगळं सांडपाण्यात उतरतं. त्यातले क्लोराइड, बायकार्बोनेट घाण तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गाठतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये झकास चालणारी पावडर तिथे मलूल पडते.

"सर, त्यातल्या त्यात फिकी बॅचच टिकतेय," ती म्हणाली. मला ते लागलं. पुढची बॅच ती ५०० अंशांवर नेणार आहे. मी अजून ४०० वर अडून आहे.